मच्छिकासंडचा व्यापारी : चित्त गहपती

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)





समितीने आम्हाला विषय दिला होता, 'एका आदर्श उपासकाचे जीवन'. आम्ही पुष्कळ विचार केला. सम्राट अशोकांविषयी बोलावे तर ते राजे. अनाथपिंडिकाविषयी बोलावे तर तो श्रावस्तीसारख्या राजधानीतला कोट्यधीश, आणि त्याची जेतवनाची गोष्ट इथल्या लहान मुलांनासुद्धा पाठ आहे. मग आठवण झाली एका खेडवळ व्यापाऱ्याची. त्याचे नाव चित्त. गाव मच्छिकासंड. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? हात वर करा. बघा, चारच हात वर आले. म्हणून आज त्याच्याविषयीच बोलायचे ठरवले आहे.

आधी नावाचा घोटाळा दूर करू. आपण बुद्धवंदनेत, प्रवचनात 'चित्त' म्हणतो ते मन. या गृहस्थाचे नाव त्या अर्थाचे नाही. संस्कृतात ज्याला 'चित्र' म्हणतात, म्हणजे रंगीबेरंगी, त्याचेच पाली रूप चित्त. अट्ठकथा सांगते की त्याचा जन्म झाला तेव्हा गावात गुडघाभर रंगीत फुलांचा सडा पडला, म्हणून हे नाव ठेवले. फुले पडली की नाही हा वाद आपण घालायचा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला चमत्कारांच्या मागे लागायला शिकवलेले नाही. माणूस रंगीत फुलांसारखा प्रसन्न होता, एवढे घेऊ या. आणि 'गहपती' म्हणजे घरसंसार असलेला, चूल पेटती ठेवणारा, मालमत्तेचा धनी गृहस्थ. आपण सगळेच गहपती आहोत, फक्त मालमत्ता कमी-जास्त!

मच्छिकासंड हे काशी देशातले गाव. श्रावस्तीहून ते तीस योजने दूर. म्हणजे राजधानीच्या गजबजाटापासून लांबच लांब. तिथे चित्त हा श्रेष्ठी होता, म्हणजे गावचा मोठा व्यापारी आणि सावकारी-देवघेवीतला पुढारी. मिगपथक नावाचे एक गाव त्याच्या मालकीचे होते. त्याचा मोठा गोठा होता. घरात दूध-तूप भरपूर. गावात काही करायचे झाले तर लोक आधी त्याच्याकडे यायचे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असा एखादा माणूस असतो बघा, दुकान त्याचे, गाड्या त्याच्या, पंचायतीत शब्द त्याचा. तसाच.

असा माणूस धम्मात कसा आला? कोणी राजा त्याच्याकडे आला नाही, स्वप्न पडले नाही. पंचवर्गीय भिक्खूंपैकी महानाम स्थविर एकदा मच्छिकासंडात भिक्षेसाठी फिरत होते. त्यांचे शांत चालणे, खाली वळलेली नजर, संयम, हे चित्ताने पाहिले. व्यापारी माणूस. रोज शंभर माणसे पारखणारा. खरा माल कोणता आणि खोटा कोणता हे त्याला एका नजरेत कळत असणार. त्याने त्यांना घरी बोलावले, भोजन दिले, धम्म ऐकला, आणि त्याला पहिले मार्गफळ मिळाले. मग त्याने आपली अंबाटकवन नावाची बाग संघाला दान दिली आणि तिथे विहार बांधला. अंबाटक म्हणजे आपला अंबाडा, ज्याच्या आंबट फळांचे आपल्या आया लोणचे घालतात तेच झाड. अंबाड्याच्या बागेतला विहार! तुमच्या आमच्या या विहारासारखाच, गावच्या माणसांनी गावच्या जागेत उभा केलेला.

आता तुम्ही म्हणाल, विहार बांधणारे पुष्कळ झाले, त्यात काय विशेष? विशेष हे की भगवंतांनी आपल्या श्रावकांपैकी कोण कशात अग्र आहे हे सांगितले, तेव्हा धम्म सांगणाऱ्या उपासकांमध्ये पहिला मान या खेडेगावच्या व्यापाऱ्याला दिला. दान देण्यात नव्हे, धम्म सांगण्यात! संयुत्त निकायात 'चित्त संयुत्त' नावाचा एक स्वतंत्र भागच आहे, त्यात दहा सुत्ते आहेत. आणि आणखी एक सुत्त आहे, ते इथल्या माता-भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. भगवंत म्हणतात, श्रद्धावान उपासिकेने आपल्या एकुलत्या एक लाडक्या मुलासाठी अशी इच्छा करावी की बाळा, तू चित्त गहपतीसारखा हो, आळवीच्या हत्थकासारखा हो. आणि घर सोडून भिक्खू झालास तर सारिपुत्त-मोग्गल्लानांसारखा हो. बघा, घरी राहणाऱ्या मुलासाठी आदर्श कोण? दुकानदार! आपण मुलांना म्हणतो, साहेब हो, कलेक्टर हो. तेही व्हायलाच पाहिजे, बाबासाहेबांनी त्यासाठीच रक्त आटवले. पण व्यापारी हो असे आपल्यातली कोणती आई म्हणते?

त्याचा धम्म जाणण्याचा प्रकार कसा होता ते एका प्रसंगावरून कळेल. एकदा अंबाटकवनात भोजनानंतर स्थविर भिक्खू बसून चर्चा करीत होते. प्रश्न असा, 'बंधन' आणि 'ज्याच्यामुळे बंधन होते त्या वस्तू' या दोन निराळ्या गोष्टी की एकच? कोणी म्हणाले निराळ्या, कोणी म्हणाले एकच. चित्त तेव्हा कामानिमित्त मिगपथकात आला होता. त्याने हे ऐकले आणि विहारात येऊन विचारले, "भन्ते, एक काळा बैल आणि एक पांढरा बैल एकाच दाव्याने किंवा जोताने जोडले, तर काळा बैल पांढऱ्याचे बंधन आहे, असे म्हणणे बरोबर होईल का?" भिक्खू म्हणाले, नाही. काळा पांढऱ्याचे बंधन नाही, पांढरा काळ्याचे नाही. बंधन आहे ते दावे. चित्त म्हणाला, तसेच डोळा रूपाचे बंधन नाही, रूप डोळ्याचे बंधन नाही. दोघांमुळे जी हाव निर्माण होते ती बंधन.

किती सोपे सांगितले! पोथीतले शब्द नाहीत, गोठ्यातले शब्द आहेत. आपण म्हणतो, पैसा वाईट, धंदा वाईट. चित्त सांगतो, पैसा दावे नाही, दावे म्हणजे हाव. दुकान सोडून जंगलात गेला आणि हाव बरोबर नेली, तर दावे मानेला तसेच राहिले.

हा गृहस्थ संघाला भोजन द्यायचा तेव्हा नुसते पंगत वाढून मोकळा होत नसे. शेवटी प्रश्न विचारायचा. एकदा विचारले तर ज्येष्ठ स्थविर गप्प राहिले. तेव्हा सर्वांत लहान भिक्खू इसिदत्त याने परवानगी मागून उत्तर दिले. पुन्हा एकदा असेच झाले. चित्ताने विचारले, भन्ते, आपण कुठले? अवंतीचा, इसिदत्त म्हणाला. चित्त म्हणाला, अवंतीत इसिदत्त नावाचा माझा एक न पाहिलेला मित्र होता, तो प्रव्रजित झाला, त्याला पाहिलेत का? इसिदत्ताने थोडे टाळले, पण शेवटी सांगितले की तो मीच. चित्ताला कोण आनंद झाला! म्हणाला, भन्ते, मच्छिकासंडातच राहा, चीवर, भिक्षा, निवास, औषध सर्व मी पाहतो. इसिदत्त म्हणाला, चांगले बोललात. आणि त्याने आपले आसन आवरले, पात्र-चीवर घेतले आणि तो गाव सोडून गेला तो पुन्हा कधीच आला नाही. मान आणि लाभ गळ्यात पडायच्या आत निघून गेला. देणारा असा आणि घेणारा असा! दोघेही धन्य.

पण सगळेच इसिदत्तासारखे नसतात. आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. ती विनयपिटकात चुल्लवग्गात आहे.

अंबाटकवनात सुधम्म नावाचा भिक्खू कायमचा राहत होता. बांधकामावर देखरेख त्याची, आणि रोजची भिक्षा चित्ताकडून ठरलेली. चित्ताची पद्धत अशी की संघाला किंवा कोणाही भिक्खूला निमंत्रण द्यायचे तर आधी सुधम्माला विचारायचे. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान, महाकच्चान, अनुरुद्ध, उपाली, आनंद, राहुल असे मोठे मोठे स्थविर काशी देशात चारिका करीत मच्छिकासंडाला आले. चित्ताने सारिपुत्तांचे प्रवचन ऐकले आणि तिथल्या तिथे दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे निमंत्रण दिले. मग तो सुधम्माकडे गेला आणि म्हणाला, भन्ते, आपणही यावे. सुधम्माला राग आला. आधी मला विचारत होता, आज मला न विचारता बोलावणे गेले! त्याने नकार दिला. चित्ताने तीन वेळा विनंती केली, तीन वेळा नकार.

पण चैन पडते का? दुसऱ्या दिवशी सकाळी सुधम्म स्वतःच चित्ताच्या घरी गेला, काय काय केलंय ते पाहायला. सगळे पदार्थ पाहिले आणि म्हणाला, "गहपती, तयारी भरपूर आहे, पण एक वस्तू दिसत नाही. तिळाची वडी."

वरवर पाहता साधे बोलणे. पण अट्ठकथा त्यातली सुई दाखवते. चित्ताच्या घराण्यात मूळ पुरुष वड्या-पोळ्या विकणारा होता. सुधम्माने त्याची जात, त्याच्या बापजाद्यांचा धंदा काढला! आता बोला. ज्याच्या अन्नावर रोज जगतो, ज्याने राहायला विहार दिला, त्याचा बापजाद्यांवरून पाणउतारा. हा डंख कसा असतो हे या सभेला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी तो अंगावर घेतलेला आहे.

चित्तालाही तो झोंबला. तो म्हणाला, भन्ते, बुद्धवचनात एवढी रत्ने असताना तुम्हाला नेमकी तिळाची वडीच सापडली! आणि त्याने एक गोष्ट सांगितली. दक्षिणापथाचे काही व्यापारी, म्हणजे आपल्याच बाजूचे लोक, पूर्वेकडे व्यापाराला गेले आणि तिथून एक कोंबडी घेऊन आले. तिला कावळ्यापासून पिल्लू झाले. ते पिल्लू कावळ्यासारखे ओरडायला जाई तर 'काक-कुक्कुट' असा आवाज निघे, कोंबड्यासारखे आरवायला जाई तर 'कुक्कुट-काक'. धड हे नाही, धड ते नाही. तसे तुमचे झाले.

सुधम्म म्हणाला, तू माझी निंदा करतोस, हा तुझा विहार तुला लखलाभ, मी चाललो. इथे चित्ताचा मोठेपणा बघा. तो म्हणाला, भन्ते, मी निंदा करीत नाही. अंबाटकवन रम्य आहे, इथेच राहा, तुमचे सर्व मी पूर्वीसारखेच पाहीन. तीन वेळा म्हणाला. सुधम्म ऐकेना. कुठे जाणार? श्रावस्तीला, भगवंतांकडे. तेव्हा चित्त म्हणाला, "मग तुम्ही जे बोललात आणि मी जे बोललो, ते सर्व तिथे जसेच्या तसे सांगा. तुम्ही परत आलात तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही."

म्हणजे वकील नको, साक्षीदार नको. फक्त खरे सांगा! ज्याची वही स्वच्छ असते तो व्यापारीच असे बोलू शकतो.

सुधम्माने भगवंतांना सर्व सांगितले. भगवंतांनी कोणाची बाजू घेतली? आपण भिक्खू, तो उपासक, तो काय बोलतो, असे म्हणाले का? नाही. त्यांनी सुधम्माला धारेवर धरले. श्रद्धावान, दान देणाऱ्या, संघाची सेवा करणाऱ्या उपासकाला तू हलके लेखलेस, म्हणाले. आणि संघाने सुधम्मावर 'पटिसारणीय कम्म' करावे असा आदेश दिला. म्हणजे काय? भिक्खूने परत मच्छिकासंडाला जायचे आणि चित्त गहपतीची क्षमा मागायची. चीवरधारी भिक्खूने एका गृहस्थाची, एका वडीविक्याच्या वंशजाची क्षमा मागायची! जगात अडीच हजार वर्षांपूर्वी असा कायदा आणखी कुठे होता, शोधून सांगा.

सुधम्म गेला, पण लाज वाटली. तोंडातून शब्द निघेना. तसाच परत आला. तेव्हा भगवंतांनी सांगितले, याच्याबरोबर एक भिक्खू अनुदूत म्हणून द्या. सोबत जाऊन, मध्ये पडून क्षमा मागवून घ्यायची. मग ते झाले. धम्मपदातील बालवग्गाच्या ७३ व ७४ या गाथा या प्रसंगावर आहेत, असे अट्ठकथा म्हणते. घरी गेल्यावर त्या अवश्य वाचा. आणि तीच अट्ठकथा पुढे सांगते की सुधम्माने क्षमा मागितली तेव्हा चित्तही म्हणाला, भन्ते, मी क्षमा करतो, आणि माझेही काही चुकले असेल तर मला क्षमा करा. कावळ्या-कोंबडीची गोष्ट त्यालाही टोचत राहिली असणार. पुढे सुधम्म अर्हत झाला.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आमची झोप उडाली. कारण सुधम्म आम्ही होतो.

जुन्या लोकांना आठवत असेल. विहाराच्या कुंपणभिंतीचे काम आमच्या देखरेखीखाली चालू होते. बुद्धपौर्णिमेला वक्ता बोलावताना आम्हाला विचारले नाही म्हणून आम्ही घरी बसून राहिलो. तेवढ्यावर थांबलो नाही. ज्या सभासदाने पुढाकार घेतला होता, त्याच्याविषयी चारचौघांत म्हणालो, 'ह्याचा बाप स्टँडवर हातगाडी लावून भजी तळायचा, हा आम्हाला कार्यक्रम शिकवणार!' भीमाचे नाव घेणाऱ्या आमच्या तोंडून हे निघाले. ज्या भज्यांच्या पैशांतून त्या बापाने मुलाला शिकवले, दुकान टाकून दिले, आणि ज्या दुकानातून या विहाराला सिमेंटची पहिली पोती उधार आली, त्या भज्यांवर आम्ही थुंकलो. त्याच दिवशी संध्याकाळी ते गृहस्थ खिरीचा डबा घेऊन आमच्या दारात आले होते. आम्ही दार उघडले नाही.

ते आज तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. नाव घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आम्ही दोनदा त्यांच्या दुकानापर्यंत गेलो आणि काडीपेटी घेऊन परत आलो. सुधम्माला निदान एक अनुदूत होता. आज तुम्ही सगळे आमचे अनुदूत. सर्वांच्या समक्ष आम्ही त्यांची क्षमा मागतो.

असो. आता थोडे धंद्याविषयी.

भगवंतांचे पहिले उपासक कोण? तपुस्स आणि भल्लिक, दोघेही व्यापारी. उपासकाने पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. बाकी सर्व मोकळे. अंगुत्तर निकायात चांगल्या दुकानदाराची तीन लक्षणे दिली आहेत. त्याला दृष्टी असावी, म्हणजे माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला तर किती सुटेल हे कळावे. तो कुशल असावा, म्हणजे त्याला खरेदी-विक्री जमावी. आणि त्याची पत असावी, सावकाराने विश्वासाने भांडवल द्यावे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जो कामात लक्ष घालत नाही त्याचे दुकान बसते, हेही सांगितले आहे. दीघजाणू कोलियाने संसारी माणसाच्या सुखाचा मार्ग विचारला, तेव्हा उत्तर मिळाले: कष्ट, कमावलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समतोल खर्च. तराजू धरणाऱ्याला पारडे वर गेले की खाली गेले हे जसे कळते, तसे आपल्याला जमा-खर्चाचे कळावे. आणि सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले: एक संसाराला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून.

हे फक्त ग्रंथात राहिले नाही, आपल्या डोंगरांत कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहावर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने भिक्खूंच्या चीवरादी खर्चासाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेव ठेवल्याचा लेख आहे, २००० एकीकडे आणि १००० दुसरीकडे. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. म्हणजे धंदा चालला तर विहार चालला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले, ते याच परंपरेतले. आपण विसावा देतो की नाही, ते ज्याने त्याने मनाला विचारावे.

बाबासाहेबांनी आणखी एक दुखणे ओळखले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते म्हणतात की भिक्खूला संघदीक्षा होती, पण उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, आणि भारतातून धम्म नाहीसा होण्याचे ते एक कारण झाले. म्हणून त्यांनी १४ ऑक्टोबरला लाखो गृहस्थांना दीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांना गावोगावी चित्त गहपती हवे होते, विहार बांधणारे आणि विहारात उभे राहून धम्म सांगणारेसुद्धा.

शेवटचा प्रसंग सांगतो आणि थांबतो. चित्त आजारी पडला, अंतकाळ जवळ आला. सुत्तात म्हटले आहे की बागेतल्या, रानातल्या, झाडांच्या आणि औषधी वनस्पतींच्या देवता जमल्या आणि म्हणाल्या, गहपती, पुढे चक्रवर्ती राजा व्हावे अशी इच्छा कर. चित्त म्हणाला, तेही अनित्य आहे, तेही सोडूनच जावे लागते. भोवती बसलेल्या नातेवाइकांना वाटले, म्हातारा बरळतोय. म्हणाले, भानावर राहा, असे बोलू नका. चित्ताने त्यांना शांतपणे कारण सांगितले. मग त्यांनी विचारले, आम्हाला काही सांगून जा. तो म्हणाला, बुद्ध, धम्म, संघ यांवर अढळ श्रद्धा ठेवा. आणि घरात देण्याजोगे जे काही असेल, ते शीलवान लोकांबरोबर वाटून घ्या. एवढे बोलून त्याने डोळे मिटले.

जमीन कोणाला, दुकान कोणाला, विहाराच्या पाटीवर नाव कोणाचे, एक शब्द नाही! आयुष्यभर हिशेब ठेवलेल्या माणसाने शेवटी हिशेब मिटवून टाकला.

या वर्धापनदिनी आमची दोनच मागणी आहे. समितीत मानापमानावरून जे बोलत नाहीत त्यांनी आज खीर घेताना एकमेकांच्या शेजारी बसावे. आणि आपल्या वस्तीत जो कोणी भाजीची, चहाची, चपलांची गाडी लावतो, त्याच्याकडे आधी जाऊन माल घ्यावा. उद्याचा चित्त गहपती कदाचित त्याच गाडीमागे अभ्यास करीत बसला असेल.



भवतु सब्ब मंगलं! नमो बुद्धाय! जयभीम!